तीन फुटी फिश टँकसाठी लाकडी स्टँड: मापापासून पाणी भरेपर्यंत

माझा पहिला स्टँड तयार झाला तेव्हा गल्लीतल्या सुतारकाकांना मी तो बघायला बोलावलं. लाकूड कुठलं, स्क्रू किती, त्यांनी काहीच विचारलं नाही. वरच्या चौकटीच्या कोपऱ्यावर तळहात टेकवला आणि बाजूला रेटलं. स्टँड बोटभर डुलला आणि हात काढल्यावर परत जागेवर आला. "ताई, वजनाचं मागाहून बोलू. आधी हे थांबवा," एवढंच म्हणाले.

मला तेव्हा ते पटलं नाही. आदल्या संध्याकाळी त्याच स्टँडवर आम्ही तिघं एकदम उभे राहिलो होतो आणि तो जराही वाकला नव्हता. पण आज चार स्टँड बनवून झाल्यावर नव्या माणसाला मी पहिल्यांदा तेच सांगते. सरळ खाली येणारं वजन लाकूड आरामात पेलतं. दीड बाय तीन इंचाचा सागवानी पाय उभा असला तर एकटाच टनाच्या वर भार घेतो. टँकचे स्टँड फसतात ते दुसऱ्याच कारणांनी: ते बाजूला डुलतात, त्यांचा माथा सपाट राहत नाही, आणि ते पाणी पिऊन फुगतात.

यातलं तिसरं कारण मी घरातच पाहिलं आहे. स्टँड बनवायला लागण्याआधी टँक टीव्हीच्या जुन्या कपाटावर ठेवला होता. कपाट पार्टिकल बोर्डाचं, म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेल्या फळीचं, वरून लॅमिनेट चकाचक. टँक साफ करताना सांडलेलं पाणी मागच्या कडेतून आत झिरपत राहिलं. जुलैत माथा मधोमध खाली गेला, डोळ्याला दिसेल इतका, आणि एका पहाटे फरशीवर पाणी आलं. खालच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन काचेपासून सुटलं होतं. एंजल मासे बादलीत काढले, एअर पंप लावला, त्यातला एक दुसऱ्या दिवशी गेला. काचेचा दोष नव्हता. काचेखालची जागा सरळ राहिली नाही की काच पिळली जाते, आणि तो ताण सिलिकॉनच्या सांध्यावर येतो. म्हणून मी या कामाला फर्निचर समजत नाही. आतल्या जिवांचं घर या माथ्यावर उभं असतं.

पुढची मापं बाहेरून ३६ इंच लांब, १८ इंच रुंद आणि १८ इंच उंच टँकची आहेत. स्टँडची उंची ३० इंच. खुर्चीत बसलं की मासे साधारण नजरेसमोर येतात आणि हात तळापर्यंत पोचतो. टँक आधी घ्या, स्टँड नंतर. दुकानात 'तीन फुटी' म्हणून मिळणारा टँक नेमका ३६ इंचांचा असेलच असं नाही, दोन-तीन सूत इकडेतिकडे असतो. टेप लावून बाहेरचं माप घ्या आणि खालचे आकडे त्याप्रमाणे बदला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वखारीत आणि सुताराकडे हेच माप चालतं, तेव्हा त्याची सवय करून घ्या.

वजन किती आणि ते कुठे ठेवायचं

लांबी, रुंदी, उंची फुटांत घेऊन गुणाकार करा आणि २८.३ ने गुणा, लिटर मिळतात. ३ × १.५ × १.५ म्हणजे ६.७५ घनफूट, म्हणजे १९१ लिटर. टँक काठोकाठ भरत नाही आणि वाळू-दगडही जागा घेतात, तेव्हा प्रत्यक्षात पाणी १६५ लिटरच्या आसपास, म्हणजे तेवढेच किलो. १० मिमी काचेचं वजन चौरस मीटरला २५ किलो, त्या हिशेबाने टँकची काच सुमारे ४२ किलो. दोन इंच वाळूचा थर ३० किलो, दगड आणि लाकूड १०-१५ किलो. बेरीज अडीचशेच्या आसपास जाते. मी २८० धरते. चार मोठी माणसं दिवसरात्र, वर्षानुवर्षं एकाच जागी उभी आहेत असं समजा. हे 'वर्षानुवर्षं' महत्त्वाचं आहे, कारण सतत भाराखाली लाकूड हळूहळू झुकत जातं आणि पार्टिकल बोर्ड तर फारच झुकतो. दहा मिनिटं वर उभं राहून केलेल्या परीक्षेला म्हणूनच अर्थ नाही.

राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो चालता भार, म्हणजे माणसं आणि सामान, धरून बांधतात. टँकखालचा भार त्याच्या तिपटीहून जास्त भरतो. तरी एवढ्याने घाबरू नका. स्लॅब थोड्या जागेवरचा भार आजूबाजूला वाटून घेतो आणि खोली काही अशा टँकांनी भरलेली नसते. जागा मात्र विचार करून निवडा: भिंतीला लागून, शक्यतो बीमच्या जवळ. खोलीच्या मधोमध नको. बाल्कनीत अजिबात नको, कारण ती एकाच बाजूच्या आधारावर पुढे आलेली असते. जुन्या वाड्याच्या लाकडी माडीवर किंवा चार फुटांहून मोठ्या टँकसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. उन्हाची खिडकीही टाळा, शेवाळ आवरत नाही.

लाकूड

पुण्यात असाल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एक सकाळ काढा. इतर गावांत जवळची वखार गाठा. साग उत्तम. त्यात तेल असतं, तो ऋतूबरोबर कमी हलतो आणि गाभ्याच्या सागाला वाळवी सहजासहजी लागत नाही. बल्लारशाच्या सागाचं नाव मोठं आहे आणि दरही तसाच. पण स्टँडला एवढं भारी लाकूड लागतंच असं नाही. भट्टीत वाळवलेलं परदेशी पाईन स्वस्त पडतं, सरळ असतं, कापायला हलकं जातं. त्याला चांगला रंग मात्र द्यावाच लागतो, पाण्यापुढे त्याचं स्वतःचं काही चालत नाही. निलगिरी पिळते. आंब्याच्या लाकडाला भुंगा लवकर लागतो. बाभूळ ताकदवान खरी, पण पहिल्या कामाला हात दुखवून घेऊ नका.

माझी आवड विचाराल तर जुनं सागवान. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया, दारं, चौकटी वखारींत येतात. पन्नास-साठ पावसाळे पाहिलेलं ते लाकूड आता कुठेही वळत नाही. फक्त कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावरून चुंबक फिरवा. आत मोडलेला खिळा राहिला तर करवतीचं पातं जातं आणि उडालेला तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.

नवीन लाकूड घेताना ते ओलं नाही ना, ते बघा. साधारण १२ टक्के ओल असलेलं लाकूड घरात स्थिर राहतं. ओल मोजायचं यंत्र नसेल तर एक छोटा तुकडा आणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, दोन आठवडे घरातच ठेवा आणि परत तोला. वजन बऱ्यापैकी उतरलं तर लाकूड अजून वाळतंय, थांबा. प्रत्येक नग एका टोकाकडून बंदुकीसारखा डोळ्याला लावून बघा, वाक आणि पीळ लगेच कळतो. मोठी गाठ मधोमध असलेला नग आडव्या तुळईला नको, आखूड तुकड्यांना चालेल. सालीकडचा पांढरट भाग टाळा, किडीला आधी तोच लागतो.

वखारीत भाव घनफुटावर असतो. रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटांत, गुणाकार भागिले १४४. आपल्याला रंधा मारून तीन बाय दीड इंच उरेल असं सुमारे ३७ फूट लाकूड हवं. रंध्यात जाणारं धरून सव्वातीन बाय पावणेदोन कापून घ्या. हिशेब जवळजवळ दीड घनफूट येतो. वाया जाणारं धरून पावणेदोन घ्या आणि रंधा तिथेच मशीनवर मारून घ्या. हाताने ३७ फूट रंधायला बसलात तर स्टँड पुढच्या वर्षी होईल.

प्लाय घेताना 'वॉटरप्रूफ' या शब्दावर जाऊ नका. शिक्का बघा. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, उकळत्या पाण्यातही पदर न सोडणारा. आयएस ३०३ हा साधा दर्जा आहे. शंका असेल तर दुकानातून हातभर कापटी मागून घ्या आणि तिचा तुकडा घरी पाण्यात काही तास उकळा. पदर सुटले तर ती शीट नको. माथ्याला आणि तळाला १८ मिमी, पाठीला आणि दोन्ही बाजूंना १२ मिमी. १२ मिमीची शीट ७ × ३ फुटांची घ्या. पाठ ३६ इंच आणि दोन बाजू १८-१८, बेरीज बरोबर ७२ येते म्हणून मी एकदा ६ × ३ ची आणली होती. करवतीच्या पात्याने प्रत्येक कापात अर्धं-पाऊण सूत खाल्लं आणि शेवटची बाजू कमी पडली.

हत्यारं फार लागत नाहीत: ड्रिल मशीन, करवत, गुण्या (काटकोन तपासायला), टेप, पाणसळ (लेव्हल) आणि चार शिकंजे (क्लॅम्प). शिकंजे मागून आणा, पण त्यांच्यावाचून काम करू नका. सागाचा भुसा नाकात झोंबतो, मास्क लावा. चष्मा तर हवाच.

कापायची यादी

लाकूड, सगळं ३ × १.५ इंच:
लांब तुळया, ३६ इंच: ४ नग
आडवे तुकडे, १५ इंच: ६ नग
पाय, २३.२५ इंच: ४ नग
आतले जोडपाय, २९.२५ इंच: ४ नग

प्लाय:
माथा, १८ मिमी, ३६ × १८ इंच: १
तळ, १८ मिमी, ३६ × १८ इंच: १
पाठ, १२ मिमी, ३६ × २९.२५ इंच: १
बाजू, १२ मिमी, १८ × २९.२५ इंच: २

एकाच मापाचे नग एकत्र बांधून एकदम कापा. चारही पाय एकमेकांशेजारी उभे करून डोकी बोटाने चाचपा. अर्ध्या सुताचा फरकसुद्धा बोटाला कळतो, आणि तो आत्ताच घालवायचा.

चौकट आणि पाय

खालची आणि वरची चौकट अगदी सारखी असते. दोन लांब तुळया, त्यांच्यामध्ये तीन आडवे तुकडे, दोन टोकांना आणि एक मध्यावर. सगळी लाकडं उभ्या धारेवर, म्हणजे तीन इंचांची बाजू उभी. तीच फळी आडवी टाकली तर तिचा ताठपणा चौथाईवर येतो. तिप्पट वजनाचं लाकूड आणून जे साधत नाही ते फळी उभी केली की फुकट साधतं. तीन फुटांच्या तुळईला उभ्या तीन इंचांवर मधला पाय लागत नाही. सागाची तुळई आपल्या भाराखाली मध्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या आतच झुकते. चार फुटी टँक असेल तर मात्र मधला पाय द्या किंवा तुळई चार इंच उंच घ्या. लांबी वाढते त्याच्या कितीतरी पट झुकाव वाढतो.

स्क्रू मारण्याआधी भोक पाडायचंच. ४ मिमीच्या स्क्रूला सागात ३ मिमीचं भोक, आणि वरच्या लाकडात ४ मिमीचं मोकळं, म्हणजे स्क्रू दोन्ही लाकडं एकमेकांवर ओढून घट्ट बसवतो. स्क्रूच्या आट्यांवर साबणाची वडी घासा, अर्ध्या ताकदीत आत जातो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. जिप्समचे काळे स्क्रू सगळीकडे मिळतात आणि मिस्त्रीही सर्रास वापरतात, पण ते ठिसूळ असतात आणि टँकच्या दमट जागेत गंजतात. पितळी स्क्रू सागात डोकं मोडून राहतो.

डिंक पाण्याला टिकणारा हवा, फेविकॉल मरीनसारखा. साग असेल तर एक गोष्ट विसरू नका: डिंक लावण्याच्या लगेच आधी जोडाची जागा थिनरने पुसा. सागाचं तेल डिंकाला धरू देत नाही. सकाळी पुसून संध्याकाळी जोडलं तर तेल परत वर आलेलं असतं.

चौकट सपाट फरशीवर जोडा. प्रत्येक सांध्याला ७५ मिमीचे दोन स्क्रू, तुळईच्या बाहेरून आत. शिकंजे आवळण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. ३६ × १८ च्या चौकटीचा कर्ण सव्वाचाळीस इंच येतो. दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे चारही कोपरे काटकोनात आले. फरक असेल तर लांब कर्णाच्या टोकांना हलकेच दाबा, परत मोजा. गुण्या एका कोपऱ्याचं सांगतो, कर्ण सगळ्या चौकटीचं सांगतात.

आता पाय. चुकीचे स्टँड बहुतेक इथेच जन्माला येतात. पाय चौकटीच्या बाजूला लावून स्क्रूने आवळायचे ही पहिली कल्पना सगळ्यांनाच सुचते, मलाही सुचली होती. त्यात टँकचं सगळं वजन स्क्रूवर लटकतं. पाय तुळईच्या खाली हवा. वरची तुळई पायाच्या डोक्यावर बसलेली, पाय खालच्या तुळईवर उभा, खालची तुळई जमिनीवर. लाकडावर लाकूड. मनातल्या मनात सगळे स्क्रू काढून टाका. तरी टँक उभा राहील का? उत्तर 'हो' असेल तर रचना बरोबर आहे. स्क्रूचं काम लाकडं जागेवर धरून ठेवण्याचं, वजन उचलण्याचं नाही.

प्रत्येक पाय लांब तुळईच्या टोकाशी, तिच्याच रेषेत उभा करा, तीन इंचांची बाजू लांबीकडे. आतल्या कोपऱ्यात जोडपाय येतो. तो खालच्या चौकटीच्या तळापासून वरच्या चौकटीच्या माथ्यापर्यंत एकसंध जातो आणि पाय व दोन्ही चौकटी एकत्र शिवतो. त्याची रुंद बाजू टोकाच्या आडव्या तुकड्याला टेकवा, अरुंद बाजू पायाच्या आणि तुळईच्या आतल्या अंगाला. आडव्या तुकड्यात ६५ मिमीचे स्क्रू पुरतात, लाकडाची एकूण जाडी तीन इंच आहे, तेव्हा टोक बाहेर येत नाही. समोरून पायातून आणि तुळईतून जोडपायात ७५ चे. डिंक सगळीकडे.

खालच्या चौकटीवर चारही पाय आणि जोडपाय उभे झाले की तिथेच थांबा. तळाचा प्लाय आत्ताच टाकायचा. त्याच्या चारही कोपऱ्यांत लांबीकडून ३ इंच आणि रुंदीकडून साडेचार इंच खाच पाडा, म्हणजे तो पायांभोवतीने वरून सरळ खाली उतरतो. वरची चौकट बसली की ३६ इंचांची ही फळी आत जायला वाट राहत नाही. खालच्या अंगाला रंगाचे हातही तो टाकण्याआधी द्या, नंतर ब्रश पोचत नाही. मग वरची चौकट ठेवा, आवळा, आणि चोवीस तास हात लावू नका.

डुलणं थांबवणं

आता सुतारकाकांची परीक्षा घ्या. वरच्या कोपऱ्यावर तळहात, बाजूला रेटा. एवढं सगळं नीट केलेलं असूनही स्टँड थोडा हलेल. चार काड्यांची चौकट करून खिळ्यांनी जोडली तर ती जशी तिरकी होते, तसंच हे आहे. सांधे कितीही घट्ट असले तरी चौकोन स्वतःहून ताठ राहत नाही. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात आधार गेला, किंवा त्यावर सलग पत्रा-फळी चढली, की तो हलायचं थांबतो.

म्हणून पाठीचा १२ मिमी प्लाय. डिंक लावा, कोपऱ्यापासून सुरुवात करा. कारखान्यातून आलेली प्लायची कड आणि कोपरा अगदी काटकोनात असतात, तिला चौकट जुळवली की चौकटही आपोआप सरळ होते. दर सहा इंचांवर ३० मिमीचा स्क्रू, पायांवर आणि दोन्ही तुळयांवर. मग दोन्ही बाजू तशाच. बाजूंचा प्लाय शोभेसाठी आहे असं समजून तो गाळू नका. स्टँड फक्त १८ इंच खोल आहे, आणि पुढे-मागे डुलणं तर जास्त वाईट, कारण टँक पडतो तो पुढेच. पाइपांसाठी पाठीला वरच्या बाजूला दोन इंचांची दोन गोल भोकं पाडा. त्याने ताकद जात नाही. पण 'वायरी घ्यायला सोपं' म्हणून निम्मी पाठ कापून टाकलेले स्टँड मी पाहिले आहेत, त्यांनी पाठ लावून काही उपयोग केला नाही.

पुन्हा रेटून बघा. या वेळी स्टँड हलत नाही, सगळा मिळून सरकायला बघतो. हा फरक हाताला एकदा कळला की पुढे कुठलाही स्टँड, अगदी दुकानातलाही, तुम्हाला एका धक्क्यात ओळखता येईल.

शेवटी माथ्याचा १८ मिमी प्लाय, डिंक आणि ४० मिमीचे स्क्रू, डोकी प्लायच्या आत बुडवलेली. एक सरळ पट्टी माथ्यावर धारेवर उभी ठेवा, खोलीतला दिवा घालवा आणि मागून टॉर्च मारा. पट्टीखालून उजेड आला तर तिथे खळगा आहे, जिथे उजेड नाही तिथे उंचवटा. उंचवटा पॉलिश पेपरने उतरवा. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर हे करून बघा.

रंग

लाखेचं पॉलिश सुंदर दिसतं पण पाणी लागलं की पांढरं पडतं. इथे पीयू (पॉलियुरेथेन) किंवा प्रायमरवर इनॅमल. तीन हात, मधे बारीक पेपर. आतून, खालून, भोकांच्या कडांना, आणि सगळ्यात जास्त प्लायच्या उघड्या कडांना आणि लाकडाच्या कापलेल्या टोकांना. पाणी लाकडाच्या पाठीतून कमी आणि टोकातून जास्त शिरतं, शेंड्याकडून स्ट्रॉने ओढल्यासारखं. टोकांना एखादा हात जास्तच द्या. वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, टँक त्यावर ठेवू नका.

रोज फरशी पुसताना खालच्या चौकटीला ओलं फडकं लागतंच. चौकटीखाली सगळ्या लांबीभर ५ मिमीची रबरी पट्टी चिकटवा. चार कोपऱ्यांना चार बुचं लावण्यापेक्षा हे बरं. वजन पसरतं आणि फरशीला तडा जात नाही.

जागेवर बसवणं आणि भरणं

आपल्या घरांच्या फरशीला मोरीकडे किंवा दाराकडे थोडा उतार असतो. रिकामा स्टँड भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवा आणि पाणसळ लावा. लांब पाणसळ नसेल तर गवंड्याची पारदर्शक नळी पाणी भरून वापरा. दोन टोकांचं पाणी एका रेषेत येतं, त्यापेक्षा खरं माप नाही. नळीत बुडबुडा मात्र राहू देऊ नका. कमी पडणाऱ्या बाजूला चौकटीच्या खाली पाचर घाला, सागाची किंवा नायलॉनची. पाचर टँक आणि स्टँडच्या मधे कधीही घालू नका. काच मग एका बिंदूवर टेकते आणि फुटते.

घरात लहान मूल असेल तर पाठीच्या वरच्या तुळईतून भिंतीत दोन ब्रॅकेट मारा. दार उघडून फळीवर चढणारं मूल आणि अडीचशे किलोंचा टँक, यात कुठलीही शक्यता शिल्लक ठेवायची नाही.

टँकचा तळ नुसत्या काचेचा असेल तर माथ्यावर १० ते १२ मिमी थर्मोकोलची किंवा फोमची शीट घाला, वाळूचे कण आधी झटकून. तळाला प्लास्टिकची चौकट असलेल्या टँकला मात्र शीट नको. त्याची काच अधांतरी ठेवलेली असते आणि फोम तिला मधून वर दाबतो.

आता पाणी. पाव टँक भरा, थांबा, काचेवर चारही कोपऱ्यांत पाण्याच्या पातळीची खूण पेनने करा आणि तळापासून मोजा. पाणी कधी वाकडं राहत नाही, वाकडा असतो तो टँक. ३६ इंचांत दोन-तीन मिलिमीटरच्या वर फरक दिसला तर पाणी काढा आणि पाचर सुधारा. भरलेला टँक उचलून पाचर घालायचा मोह झाला तर आवरा. फरक नसेल तर अर्धा भरा, तासभर थांबा, परत मोजा. मग पूर्ण. चोवीस तास नुसतं पाणी ठेवा, खाली कोरडं वर्तमानपत्र पसरून. एक थेंबसुद्धा कागदावर दिसतो. वाळू, झाडं आणि मासे त्यानंतर.

एक्स्टेन्शन बोर्ड स्टँडच्या तळाच्या फळीवर ठेवू नका, बाजूच्या प्लायला आतून उंच बसवा. प्रत्येक वायर प्लगच्या खालपर्यंत झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, प्लगमध्ये जात नाही. त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, असायलाच हवा. पाण्यात हात घालण्याआधी हीटर बंद.

पहिल्या महिन्यात दर रविवारी काचेवरची खूण बघा आणि पाचरी चाचपा. नवीन लाकूड भाराखाली किंचित बसतं. पुढच्या बाजूला दारं लावली असतील आणि ती अस्सल लाकडाच्या चौकटीची असतील, तर बसवताना सगळीकडून एक सूत फट ठेवा. तरीही पहिल्या पावसाळ्यात एखादं दार घट्ट बसेल. लगेच रंधा मारू नका. दिवाळीपर्यंत लाकूड वाळून परत जागेवर येतं, आणि श्रावणात रंधलेलं दार जानेवारीत उघडं पडतं.